जॉन बॉइल ओ'रायली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयरिश सैनिक, कैदी, कवी आणि संपादक जॉन बॉइल ओ'रायली यांच्याबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून अधिक पत्रं त्यांच्या पलायनाबद्दल असतात. ती हकीकत विलक्षण आहेच, म्हणून तिला भरपूर जागा दिली आहे. पण माझं ठाम मत असं, की ओरायलींचं मोठेपण सुटकेत नाही, सुटल्यावर त्यांनी जे वीस वर्षं केलं त्यात आहे. निदान प्रश्न ११ तरी चुकवू नका.

१. ओरायली कोण होते? अगदी थोडक्यात सांगा.

जन्म २८ जून १८४४, आयर्लंडच्या मीथ परगण्यात, ड्रॉहेडा शहराजवळच्या डाउथ इथे. बॉइन नदीकाठचा हा भाग प्रागैतिहासिक दफन-टेकड्यांसाठी प्रसिद्ध आहे. वडील शाळामास्तर होते. जॉन वर्षाचे असताना बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडचा महादुष्काळ सुरू झाला. लहान वयातच ते ड्रॉहेडाच्या 'आर्गस' वर्तमानपत्रात उमेदवारीला लागले. पुढे इंग्लंडमध्ये प्रेस्टनला मावशीकडे राहून तिथल्या वर्तमानपत्रात काम केलं. १८६३ मध्ये परत येऊन ब्रिटिश घोडदळात भरती झाले. बंडाच्या कटाच्या प्रकरणात १८६६ मध्ये शिक्षा झाली, १८६८ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचवले गेले, १८६९ मध्ये तिथून निसटून अमेरिकेत आले आणि बॉस्टनमध्ये 'द पायलट' या साप्ताहिकाचे संपादक झाले. मृत्यू १० ऑगस्ट १८९०, वय ४६.

२. सैनिक म्हणता, मग कोणत्या लढाईत लढले?

एकाही नाही. 'दहावी हुसार्स' या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये ते तीन वर्षांहूनही कमी काळ होते आणि तो सगळा काळ शांततेचा होता. घोडा, गणवेश, कवायत हे सगळं त्यांना मनापासून आवडायचं. सहकाऱ्यांतही ते लोकप्रिय होते, आणि ही लोकप्रियताच पुढे कामी आली (प्रश्न ३). त्यांची रेजिमेंट १८७३ मध्ये हिंदुस्थानात आली आणि दुसऱ्या अफगाण युद्धात लढली. तोवर ओरायली बॉस्टनमध्ये संसाराला लागले होते.

३. राणीशी इमान राखण्याची शपथ घेऊन भरती झाले आणि बंडखोरांना मिळाले. म्हणजे फितुरी करायच्या इराद्यानेच सैन्यात गेले होते का?

तसं ठासून सांगणारे पुष्कळ आहेत, पण तारखा जुळत नाहीत. भरती १८६३ ची. ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या 'आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड' या गुप्त संघटनेची, म्हणजे फेनियनांची, दीक्षा त्यांना तिचे संघटक जॉन डिव्हॉय यांनी दिली ती १८६५ च्या ऑक्टोबरात. मधली दोन वर्षं ते साधे घोडेस्वार होते.

त्या काळी आयर्लंडमधल्या ब्रिटिश पलटणींत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. गावी काम नाही, जमीन नाही, तेव्हा पोटासाठी राणीचा गणवेश. हेच शिपाई उठावाच्या वेळी आपल्या बाजूला वळवायचे, असा डिव्हॉय यांचा बेत होता. ओरायलींनी आपल्या रेजिमेंटमधले सुमारे ऐंशी जण सामील करून घेतले असं सांगितलं जातं.

शपथ मोडली हे खरं आणि ते झाकायचं कारण नाही. दुष्काळ डोळ्यांदेखत पाहिलेल्या पिढीला कोणत्या शपथेचा भार जास्त वाटला असेल, हे मात्र लक्षात घ्यायला हवं.

४. त्यांच्यावर आरोप नेमका कोणता होता? मृत्युदंड झाला होता ना, मग वाचले कसे?

आरोप ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. बंड केल्याचा नव्हे, तर बंडाचा कट शिजतो आहे हे ठाऊक असूनही वरिष्ठांना न कळवल्याचा! खबऱ्यांनी माहिती पुरवली होती, त्यामुळे १८६६ च्या सुरुवातीला धरपकड झाली आणि उन्हाळ्यात डब्लिनच्या रॉयल बराकीत लष्करी न्यायालय भरलं. निकाल मृत्युदंडाचा लागला. पण सरकारला हुतात्मे नको होते. शिक्षा उतरत उतरत वीस वर्षं सक्तमजुरीवर आली.

मग इंग्लंडमधल्या तुरुंगांची फेरी सुरू झाली. पेंटनव्हिल, मिलबँक, चॅटम, पोर्ट्समथ, डार्टमूर, पोर्टलँड. पळण्याचे प्रयत्न त्यांनी इथेही केले. डार्टमूरच्या दलदलीतून निसटलेही, पण पकडले गेले.

५. इंग्लंडच्या कैद्याला ऑस्ट्रेलियात का पाठवलं? हे काळ्या पाण्यासारखंच होतं का?

धोरण एकाच सरकारचं, त्यामुळे साम्य आहेच. गुन्हेगाराला समुद्रापार टाकायचं आणि त्याच्या घामावर वसाहत उभी करायची. अंदमानची वसाहत १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये, सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात कैदी पाठवणं तोवर बंद झालं होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाला मात्र रस्ते-पूल बांधायला माणसं हवी होती, म्हणून तिथे ते १८५० पासून चालू होतं.

ओरायलींचं जहाज 'हूगोमाँ' हे ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं शेवटचं जहाज. १८६७ च्या ऑक्टोबरात निघालं, १८६८ च्या जानेवारीत फ्रीमँटलला लागलं. जहाजावर २८० कैदी होते आणि त्यांपैकी ६२ फेनियन. फेनियन येताहेत या बातमीनेच वसाहतीतले गोरे लोक हवालदिल झाले होते. ओरायलींचा कैदी क्रमांक ९८४३.

६. कैद्यांनी जहाजावर वर्तमानपत्र काढलं होतं हे खरं आहे का?

अगदी खरं. नाव 'द वाइल्ड गूज'. सतराव्या शतकाच्या अखेरीस देश सोडून युरोपातल्या सैन्यांत गेलेल्या आयरिश सैनिकांना 'रानहंस' म्हणत, त्यावरून हे नाव. छपाई कुठली! डेकखालच्या अंधारात, हाताने लिहिलेले सात अंक. लेख, कविता, विनोद, आणि त्यांचं सर्वांसमोर मोठ्याने वाचन. ओरायलींच्या कविता त्यात आहेत. हस्तलिखित अंक टिकून राहिले आणि आज सिडनीच्या राज्य ग्रंथालयात आहेत. आयुष्याची वीस वर्षं जप्त झालेली माणसं हलत्या जहाजात अंकाची मांडणी कशी करायची यावर डोकं चालवत होती, हे मला पलायनाइतकंच थोर वाटतं.

७. बनबरीच्या रानातल्या दिवसांबद्दल वेगवेगळं वाचायला मिळतं. तिथे काय झालं?

फ्रीमँटलहून त्यांना दक्षिणेला बनबरीजवळ रस्ता बांधणाऱ्या टोळीत पाठवलं. लिहिता-वाचता येत असल्यामुळे वॉर्डर हेन्री वुडमन यांनी त्यांना कागदपत्रं सांभाळण्याचं आणि निरोप पोहोचवण्याचं काम दिलं. त्यामुळे हिंडण्याफिरण्याची मोकळीक मिळाली. वुडमन यांची मुलगी जेसी हिच्यात त्यांचा जीव गुंतला. त्या दिवसांतली त्यांची एक छोटी वही टिकली आहे. तिच्यात कविता आहेत आणि लघुलिपीत लिहिलेल्या काही फार खाजगी ओळीही.

१८६८ च्या डिसेंबर अखेरीस त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि वेळीच कोणाच्या तरी लक्षात आल्यामुळे ते वाचले. जुन्या चरित्रांत याचा उल्लेखही नाही. मित्राने लिहिलेल्या चरित्रात तो नसावा हे समजू शकतं, पण आज तो गाळण्यात अर्थ नाही. यानंतर दोन महिन्यांच्या आत ते समुद्रावर होते, हे लक्षात घेतलं तर त्या पलायनामागची निकड कळते.

८. ते पळाले कसे? सविस्तर सांगा.

एकट्याने पळणं अशक्य होतं. मागे रान, पुढे हिंदी महासागर. मदत केली फादर पॅट्रिक मॅककेब या कॅथलिक धर्मगुरूंनी आणि जेम्स मॅग्वायर या आयरिश शेतकऱ्याने. त्या किनाऱ्याला अमेरिकन देवमासे पकडणारी जहाजं पाणी-शिधा भरायला येत. त्यांपैकी 'व्हिजिलंट'च्या कप्तानाशी बोलणी झाली.

१८ फेब्रुवारी १८६९ च्या रात्री ओरायली छावणीतून निघाले, घोड्यावरून किनाऱ्याला पोहोचले आणि मित्रांबरोबर होडी वल्हवत खुल्या समुद्रात गेले. 'व्हिजिलंट' दिसलं. जवळ आलं. आणि मग दिशा बदलून निघून गेलं. होडी त्यांच्या नजरेस पडलीच नव्हती. पुन्हा किनारा, वाळूच्या टेकड्यांत लपणं, पिण्याच्या पाण्याचे हाल. मॅककेबांनी दरम्यान दुसरं जहाज गाठलं, न्यू बेडफर्डचं 'गझेल', कप्तान डेव्हिड गिफर्ड. सुमारे दोन आठवड्यांनी ओरायली त्यावर चढले. वाटेत बोमन नावाच्या एका कैद्याला सुगावा लागला. मला नेलं नाहीत तर पोलिसांना सांगेन, अशी धमकी देऊन तोही बरोबर आला.

खरी कसोटी पुढे होती. 'गझेल' पाणी भरायला रॉड्रिग्ज बेटाला लागलं आणि तिथला ब्रिटिश अधिकारी पळालेल्या कैद्याच्या शोधात थेट जहाजावर आला. ओरायलींबद्दल विचारताच असा कोणी इथे नाही असं सांगण्यात आलं, पण बोमनला खलाशांनी दाखवून दिलं आणि तो पकडला गेला. आता तो सूड म्हणून ओरायलींचं नाव सांगणार हे उघड होतं. त्या रात्री जहाजावरच्या हेन्री हॅथवे या अधिकाऱ्याने एक धार लावायचा जड दगड समुद्रात ढकलला आणि पाण्यावर ओरायलींची टोपी टाकली. धप्प आवाज झाला, 'माणूस पडला' अशी ओरड झाली, होड्या खाली सोडून शोध सुरू झाला आणि हाताला लागली ती फक्त टोपी. ओरायली तेव्हा जिन्याखालच्या एका कप्प्यात अंग चोरून बसले होते. बहुतेक खलाशांनाही हे नाटक आहे हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांचं दुःख खरंखुरं होतं. सकाळी पोलीस आले, झेंडा अर्ध्यावर उतरलेला पाहिला आणि परत गेले.

पुढच्या प्रवासात जहाजं बदलावी लागली (प्रश्न ९). २३ नोव्हेंबर १८६९ रोजी ते फिलाडेल्फियाला उतरले आणि त्याच दिवशी न्यायालयात जाऊन नागरिकत्वाचा पहिला अर्ज केला. पहिला कवितासंग्रह त्यांनी कप्तान गिफर्डना अर्पण केला आहे.

९. त्यांचा मुंबईशी काही संबंध होता असं ऐकलं. खरं का?

मुंबईत त्यांचं पाऊल कधी पडलं नाही. पण सुटकेच्या वाटेवर हे नाव दोनदा येतं. 'गझेल' अजून बराच काळ देवमाशांमागे फिरणार होतं आणि पुन्हा ब्रिटिश बंदराला लागण्याचा धोका होता. म्हणून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ ओरायली 'सफायर' या अमेरिकन जहाजावर गेले. ते मुंबईहून लिव्हरपूलला निघालं होतं. खिशात 'गझेल' सोडून गेलेल्या जॉन सूल नावाच्या खलाशाचे कागद. ज्या देशाच्या तुरुंगातून निसटले त्याच देशाच्या बंदरात उतरून काही काळ लपून राहणं भाग होतं. तिथून अमेरिकेला नेणारं जहाज मेन राज्यातल्या बाथ गावचं होतं आणि त्याचं नाव 'बॉम्बे'.

१०. 'कॅटल्पा' जहाजाने कैदी सोडवले ती मोहीम ओरायलींचीच ना?

नाही. ही गल्लत सर्वांत जास्त होते. मोहीम जॉन डिव्हॉय यांची. फेनियनांपैकी नागरी कैद्यांना सरकारने हळूहळू माफी दिली, पण गणवेशातल्या बंडखोरांना दिली नाही. फ्रीमँटलमध्ये खितपत पडलेल्या या शिपायांपैकी जेम्स विल्सन यांनी डिव्हॉयना पत्र लिहून आम्हाला विसरू नका असं विनवलं. त्यातून पैसा उभा राहिला.

ओरायलींचा वाटा सल्ल्याचा, पण मोलाचा होता. हल्ला करून तुरुंग फोडण्याचा विचार सोडा, देवमासे पकडणारं जहाज न्या, त्याचा तिथे कोणाला संशय येत नाही, असं त्यांनी सुचवलं आणि न्यू बेडफर्डला हॅथवेकडे पाठवलं. हो, दगड ढकलणारे तेच. त्यांच्यामार्फत पुढची गाठभेट झाली आणि कप्तान जॉर्ज अँथनी मिळाले. १७ एप्रिल १८७६ ला, ईस्टरनंतरच्या सोमवारी, सहा कैदी निसटले. पाठलाग करणाऱ्या 'जॉर्जेट' या आगबोटीने अडवलं तेव्हा अँथनींनी वर फडकणाऱ्या अमेरिकन झेंड्याकडे बोट दाखवलं. ऑगस्टमध्ये सहाही जण न्यूयॉर्कला सुखरूप पोहोचले.

११. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी विशेष काय केलं?

सुरुवात खडतर होती. १८७० च्या जानेवारीत बॉस्टनला आले आणि एका आगबोट कंपनीत कारकून म्हणून लागले. काही आठवड्यांतच इंग्लंडच्या मुख्य कचेरीला त्यांचा पूर्वेतिहास कळला आणि नोकरी गेली. मग 'द पायलट'मध्ये बातमीदार झाले.

पहिलंच मोठं काम म्हणजे ब्रिटिश अमलाखालच्या कॅनडावर फेनियनांनी केलेल्या स्वारीचं वार्तांकन. स्वारी फसली. फेनियन म्हणून कैद भोगून आलेल्या या माणसाने ती का आणि कशी फसली हे स्पष्टपणे लिहिलं, आपल्याच लोकांना पाठीशी घातलं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कला आयरिश कॅथलिक आणि 'ऑरेंजवाले', म्हणजे ब्रिटिश राजवटीशी एकनिष्ठ आयरिश प्रोटेस्टंट, यांच्यात रक्तपात झाला, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंना खडसावलं. घरची भांडणं इथे आणून आपण स्वतःची लाज काढतो आहोत, असा त्याचा आशय. वाचकवर्ग सगळा आयरिश कॅथलिक असताना असं लिहायला छाती लागते.

१८७२ च्या बॉस्टनच्या मोठ्या आगीत मालक पॅट्रिक डोनाहो यांचं दिवाळं वाजायची वेळ आली. त्यांच्याकडे गरीब आयरिश कष्टकऱ्यांच्या ठेवी होत्या. १८७६ मध्ये ओरायली आणि आर्चबिशप विल्यम्स यांनी मिळून साप्ताहिक विकत घेतलं आणि त्याच्या उत्पन्नातून त्या ठेवीदारांचे पैसे फेडले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीची त्यांची भूमिका. आयरिश स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय एकाच हलक्या कामांसाठी झगडत. १८६३ च्या न्यूयॉर्कच्या दंगलीत आयरिश जमावांनी कृष्णवर्णीयांचे जीव घेतले होते. अशा समाजाच्या साप्ताहिकाचा संपादक दक्षिणेतल्या झुंडबळींविरुद्ध लिहितो, १८८५ च्या डिसेंबरात बॉस्टनच्या फॅन्युअल हॉल या सभागृहात कृष्णवर्णीयांच्या सभेत उभा राहून बोलतो, ज्यूंच्या द्वेषावरही टीका करतो. १७७० मध्ये बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात पडलेल्या कृष्णवर्णीय क्रिस्पस अ‍ॅटक्स यांचं स्मारक व्हावं की नाही यावर वाद होता. शहरातल्या प्रतिष्ठित इतिहास मंडळाचा विरोध होता. ओरायली स्मारकाच्या बाजूने उभे राहिले आणि १८८८ च्या अनावरणासाठी त्यांनी दीर्घ कविता लिहिली. ज्याने स्वतःच्या अंगावर कैद्याचे कपडे वागवले, त्याने दुसऱ्यावरचा अन्याय आपलाच मानला. कितीतरी सुटलेली माणसं तसं करत नाहीत.

१२. मग स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा विरोध होता हे खोटं ना?

दुर्दैवाने खरं आहे. त्यांनी तो उघडपणे आणि वारंवार मांडला. राजकारण हे शेवटी बळाचं क्षेत्र आहे आणि स्त्रीने त्यात उतरू नये, अशा स्वरूपाचं त्यांचं म्हणणं होतं. 'त्या काळी सगळेच तसे होते' हा बचाव मला पटत नाही. त्याच बॉस्टनमध्ये मताधिकाराची चळवळ जोरात होती आणि तिच्यातली कितीतरी माणसं त्यांच्या ओळखीची होती. १८७२ मध्ये त्यांचं मेरी मर्फी यांच्याशी लग्न झालं होतं आणि त्यांना चार मुलीच होत्या. त्यांतल्या अ‍ॅग्नेस पुढे एका नावाजलेल्या शाळेच्या संस्थापक झाल्या.

१३. कविता खरंच चांगल्या आहेत का? वाचायला सुरुवात कुठून करावी?

सगळ्या नाहीत. समारंभांसाठी लिहिलेल्या दीर्घ कविता आज जड जातात. 'साँग्ज फ्रॉम द सदर्न सीज' (१८७३) या पहिल्या संग्रहातल्या कथाकविता घ्या. रान, साप, देवमासा हे सगळं त्यात प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. एकदा देवमाशाच्या शिकारीत ते मरता मरता वाचले होते, तेही हॅथवेमुळेच. छोट्या कवितांत 'अ व्हाइट रोज' अवघ्या आठ ओळींची आहे, आणि माझ्या मते त्यांची सर्वांत निर्दोष. 'इन बोहिमिया'मध्ये हिशेब मांडून केलेल्या थंड दानधर्मावर जी चीड आहे, ती आजही लागू पडते.

'मूनडाइन' ही त्यांची कैद्यांच्या जीवनावरची कादंबरी. पश्चिम ऑस्ट्रेलियात 'मूनडाइन जो' नावाचा पळण्यात पटाईत असा खराखुरा कैदी होता. नाव त्याचं घेतलं आहे, कथा मात्र ओरायलींची स्वतःची. मुष्टियुद्धावर आणि होडीतून केलेल्या नदीप्रवासांवरही त्यांचं एक पुस्तक आहे.

१४. त्यांना माफी मिळाली का? पुन्हा आयर्लंडला गेले का?

दोन्हींचं उत्तर नाही. १८८० च्या दशकाच्या मध्यावर कॅनडातून भाषणाचं आमंत्रण आलं. तेवढ्यापुरती सुरक्षित ये-जा मिळावी म्हणून विचारणा झाली, तर ब्रिटिश गृहमंत्री हारकोर्ट यांनी ती नाकारली. तोवर ओरायली बॉस्टनचे मान्यवर नागरिक होते, पण ब्रिटिश दप्तरी पळालेला कैदीच. डाउथला त्यांचं स्मारक आहे, ते मृत्यूनंतरचं.

१५. मृत्यू कशाने झाला? आत्महत्या होती का?

अनेक वर्षं त्यांना झोपेचा त्रास होता. बॉस्टनजवळच्या हल गावातल्या समुद्रकाठच्या घरी १० ऑगस्ट १८९० च्या पहाटे त्यांनी पत्नीचं क्लोरल हे झोपेचं औषध घेतलं आणि ते प्रमाणाबाहेर झालं. जाहीर केलेलं कारण हृदयविकार. प्रश्न ७ मधल्या घटनेशी जोडून काही जण वेगळा तर्क लढवतात, पण घरच्यांना आणि मित्रांना तो अपघातच वाटला आणि उपलब्ध हकीकत त्याच बाजूने जाते. ब्रुकलाइनच्या होलीहूड दफनभूमीत त्यांची समाधी आहे. बॉस्टनमधलं स्मारक डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने घडवलं, १८९६ मध्ये. हलच्या त्या घरात आता सार्वजनिक ग्रंथालय आहे.

१६. माइल्स ओरायली आणि हे एकच का? आणि पहिल्या महायुद्धात गेलेला मीथचा सैनिक-कवी?

तिघं वेगळे, आणि गोंधळ होणं अगदी स्वाभाविक. 'प्रायव्हेट माइल्स ओरायली' हे चार्ल्स ग्रॅहम हॅल्पीन यांचं टोपणनाव. तेही मीथचेच, जन्म १८२९. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले आणि १८६८ मध्ये न्यूयॉर्कला क्लोरोफॉर्म जास्त घेतल्याने वारले. तेव्हा आपले ओरायली बनबरीच्या रानात कैद भोगत होते. दुसरे फ्रान्सिस लेडविज, डाउथपासून जवळच असलेल्या स्लेनचे, जन्म १८८७, बेल्जियममध्ये ३१ जुलै १९१७ ला मारले गेले. जुन्या कवितासंग्रहात नुसतं 'ओरायली' दिसलं तर विषय पाहा. अमेरिकन यादवी युद्धातली छावणी आणि शिपायांची थट्टामस्करी असेल तर हॅल्पीन, दक्षिणेचा समुद्र किंवा ऑस्ट्रेलियाचं रान असेल तर जॉन बॉइल.